वेतनमर्यादेच्या चौकटीतील स्वातंत्र्य : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील ‘फ्री एजन्सी’चे गणित

नवी दिल्ली : साधारणतः सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारी मेलबर्न क्रिकेट मैदानावर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा अंतिम सामना रंगतो. तो संपला, की काही दिवसांतच त्या देशात दुसराच खेळ सुरू होतो. त्यात चेंडू नसतो, मैदान नसते. असतात ते करार, आकडे आणि खेळाडूंचे प्रतिनिधी. कोणता खेळाडू कोणत्या क्लबकडे जाणार, त्याला किती वर्षांचा करार मिळणार आणि त्याच्या जुन्या क्लबला काय भरपाई मिळणार, या प्रश्नांनी ऑक्टोबर महिन्यातील वृत्तपत्रांची पाने व्यापलेली असतात.

भारतीय वाचकाला खेळाडूंचा बाजार नवा नाही. इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावाने तो घराघरांत पोहोचवला आहे. मात्र ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची (एएफएल) पद्धत लिलावाची नाही. तेथे खेळाडू स्वतः आपला क्लब निवडू शकतो. परंतु हे स्वातंत्र्य त्याला कारकिर्दीच्या उत्तरार्धात आणि अनेक अटींसह मिळते. दुसरीकडे, श्रीमंत क्लबांना केवळ पैशाच्या बळावर संघ उभारता येऊ नये, यासाठी प्रत्येक क्लबच्या वेतनखर्चावर मर्यादा आहे. खेळाडूचे स्वातंत्र्य आणि स्पर्धेतील समतोल यांची ही ओढाताण समजून घेतली, तर या लीगमधील विजेते कसे घडतात याचाही उलगडा होतो.

समतोलाची गरज का भासली?

आजच्या एएफएलचे मूळ व्हिक्टोरिया राज्याच्या लीगमध्ये, म्हणजे व्हीएफएलमध्ये आहे. या लीगमध्ये दीर्घकाळ विभागपद्धती होती. खेळाडू ज्या भागात राहतो, त्या भागावर हक्क असलेल्या क्लबकडूनच त्याने खेळायचे, असा हा नियम होता. क्लब बदलायचा तर जुन्या क्लबची परवानगी आवश्यक असे.

या बंधनाला १९७३ मध्ये पहिली फट पडली. एका क्लबकडे दहा वर्षे सेवा केलेल्या खेळाडूला परवानगीविना अन्यत्र जाण्याची मुभा लीगने दिली. नॉर्थ मेलबर्न क्लबने ही संधी अचूक हेरली. जिलाँगचा डग वेड, एसेंडनचा बॅरी डेव्हिस आणि साउथ मेलबर्नचा जॉन रँटॉल हे तीन अनुभवी खेळाडू त्याने आपल्याकडे खेचले. नियम अल्पावधीतच रद्द झाला. पण १९७५ मध्ये नॉर्थ मेलबर्नने आपले पहिले जेतेपद पटकावले. खेळाडूंना मोकळीक मिळाली तर सत्तेची समीकरणे किती झपाट्याने बदलू शकतात, याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धडा न्यायालयाने दिला. साउथ मेलबर्न क्लब १९८२ मध्ये सिडनीला स्थलांतरित झाला. त्या क्लबचा तरुण खेळाडू सिल्व्हिओ फोस्किनी याला मेलबर्नमध्येच राहून सेंट किल्डाकडून खेळायचे होते. परवानगी नाकारली गेल्यावर तो न्यायालयात गेला. व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये लीगचे नियम व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी निर्बंध आणणारे ठरवले. जुनी व्यवस्था कायद्यापुढे टिकणार नाही, हे स्पष्ट झाले.

त्यानंतर लीगने नवी चौकट उभारली. १९८६ मध्ये ड्राफ्ट सुरू झाला. यात गुणतक्त्यात तळाला असलेल्या क्लबला उदयोन्मुख खेळाडूंपैकी पहिली निवड करण्याचा हक्क मिळतो. १९८७ मध्ये वेतनमर्यादा लागू झाली. तेव्हा ती प्रत्येक क्लबसाठी १२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. ड्राफ्ट आणि वेतनमर्यादा हे तेव्हापासून या लीगचे दोन खांब आहेत. तिसरा खांब, म्हणजे फ्री एजन्सी, उभा राहायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले.

‘मुक्त खेळाडू’ म्हणजे नेमके कोण?

करार संपला म्हणून एएफएलमधील खेळाडू आपोआप मुक्त होत नाही. कारकिर्दीच्या पहिल्या टप्प्यात करार संपला तरी त्याला क्लब बदलण्यासाठी साधारणतः दोन्ही क्लबांमधील अदलाबदलीचा किंवा पुन्हा ड्राफ्टमध्ये उतरण्याचाच मार्ग असतो. आठ हंगाम एकाच क्लबकडे काढल्यानंतर चित्र बदलते.

आठ किंवा नऊ हंगाम पूर्ण केलेला आणि क्लबमधील सर्वाधिक वेतन घेणाऱ्या पहिल्या २५ टक्क्यांत असलेला खेळाडू करार संपल्यावर ‘मर्यादित मुक्त’ ठरतो. त्याला दुसऱ्या क्लबचा प्रस्ताव स्वीकारता येतो; पण जुन्या क्लबने तितक्याच रकमेचा आणि तितक्याच मुदतीचा प्रस्ताव दिला, तर ते स्थलांतर अडते. अशा वेळी खेळाडूपुढे तीन वाटा उरतात : जुन्या क्लबकडेच राहणे, दोन्ही क्लबांनी अदलाबदलीवर तडजोड करणे किंवा ड्राफ्टमध्ये उतरणे. दहा हंगाम पूर्ण केलेला, अथवा आठ हंगामांनंतर वरच्या २५ टक्क्यांबाहेर असलेला खेळाडू पूर्णतः मुक्त असतो. त्याला कोणी अडवू शकत नाही. क्लबने यादीतून वगळलेल्या खेळाडूलाही मुक्त मानले जाते.

आयपीएलच्या लिलावातील ‘राइट टू मॅच’ कार्ड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मर्यादित मुक्त खेळाडूची संकल्पना चटकन समजेल. तेथेही जुन्या संघाला प्रतिस्पर्ध्याच्या बोलीशी बरोबरी साधून खेळाडू परत मिळवता येतो. फरक एवढाच, की लिलावात सर्वाधिक बोली खेळाडूचे भवितव्य ठरवते, तर एएफएलमध्ये कोणाचा प्रस्ताव स्वीकारायचा याचा निर्णय खेळाडू घेतो. करारात असलेल्या खेळाडूची त्याच्या संमतीविना अदलाबदलही करता येत नाही.

चाळीस खेळाडू, एकच तिजोरी

वेतनमर्यादेचे गणित समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. समजा, क्लबकडे वर्षाला १०० रुपये आहेत आणि त्यातून ४० खेळाडूंना वेतन द्यायचे आहे. समान वाटणी केली तर प्रत्येकाला अडीच रुपये मिळतील. एका तारांकित खेळाडूला दहा रुपये दिले, तर उरलेल्या ३९ जणांसाठी ९० रुपये राहतात. असे पाच तारे घेतले, तर ३५ जणांच्या वाट्याला ५० रुपये येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा दीड रुपयाच्याही खाली जातो. मैदानात एका वेळी १८ खेळाडू उतरतात, हंगाम दीर्घ असतो आणि खेळात शारीरिक धडक मोठी असते. त्यामुळे दुसऱ्या फळीतील खेळाडूंचा दर्जा घसरला, तर तारे एकटे संघ तारू शकत नाहीत.

केवळ वरची नव्हे, तर खालची मर्यादाही आहे. क्लबने ठरवून दिलेल्या रकमेच्या किमान ९५ टक्के खर्च करणे बंधनकारक आहे. एखाद्या वर्षी कमी खर्च केला, तर ती शिल्लक पुढील काळात वापरून १०५ टक्क्यांपर्यंत जाण्याची सोय आहे. येथूनच खऱ्या डावपेचांना सुरुवात होते. एकूण रक्कम सर्वांना सारखीच असल्याने कौशल्य उरते ते ती केव्हा खर्च करायची, हे ठरवण्यात.

तरुण खेळाडूंची फळी स्वस्तात मिळालेली असताना क्लब अनुभवी खेळाडूंच्या कराराचा मोठा हिस्सा आधीच्या वर्षांत देऊन टाकतो. पुढे तरुणांचे वेतन वाढते, तेव्हा तिजोरीत जागा राहते. याउलट, जेतेपद दृष्टिपथात असलेला क्लब आज कमी आणि उद्या जास्त अशा बोलीवर करार करतो. अशा कराराचे ओझे पुढच्या वर्षांवर पडते. जेतेपद मिळाले तर त्याची कोणी तक्रार करत नाही. न मिळाल्यास तेच करार क्लबच्या गळ्याशी येतात.

कॉलिंगवूडचा धडा

कॉलिंगवूड या लोकप्रिय क्लबने हे दोन्ही अनुभव घेतले आहेत. २०२० च्या प्रारंभी त्याने आपला प्रमुख खेळाडू ब्रॉडी ग्रंडी याच्याशी सात वर्षांचा करार केला. माध्यमांतील वृत्तांनुसार त्याचे मूल्य सुमारे ७० लाख डॉलर होते. त्याच वर्षी कोविडच्या साथीने लीगचे उत्पन्न आटले आणि वेतनमर्यादेलाही कात्री लागली. हंगाम संपताच कॉलिंगवूडला खर्च कमी करणे भाग पडले. अ‍ॅडम ट्रेलोअर, जेडन स्टीफनसन आणि टॉम फिलिप्स हे खेळाडू त्याने दुसऱ्या क्लबांना दिले. ट्रेलोअर वेस्टर्न बुलडॉग्सकडे गेला, तरी त्याच्या वेतनाचा काही भाग कॉलिंगवूडच देत राहणार होता. चाहत्यांचा संताप झाला.

दोन वर्षांनी ग्रंडीचीही पाळी आली. २०२२ च्या अखेरीस तो ड्राफ्टमधील २७ व्या निवडीच्या मोबदल्यात मेलबर्नकडे गेला. त्याच्याही वेतनाचा वाटा कॉलिंगवूडने उचलला. त्याच अदलाबदलीच्या काळात टॉम मिचेल, बॉबी हिल आणि बिली फ्रॅम्प्टन कॉलिंगवूडकडे आले, तर ब्रिस्बेनचा डॅन मॅकस्टे मुक्त खेळाडू म्हणून दाखल झाला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून जेतेपद पटकावले आणि अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान बॉबी हिलला मिळाला. एका महागड्या तारकाची जागा मध्यम वेतनाच्या अनेक उपयुक्त खेळाडूंनी भरून काढली होती.

मुदत हेच शस्त्र

मर्यादित मुक्त खेळाडू मिळवायचा, तर असा प्रस्ताव द्यावा लागतो की जुन्या क्लबला त्याची बरोबरी करवू नये. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लान्स फ्रँकलिन याचे आहे. २०१३ मध्ये हॉथॉर्नला जेतेपद मिळवून दिल्यानंतर काही दिवसांतच हा आक्रमक खेळाडू सिडनी स्वान्सकडे गेला. तो ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे (जीडब्ल्यूएस) जाईल, अशी सर्वांची अटकळ होती. मात्र सिडनी स्वान्सने नऊ वर्षे आणि एक कोटी डॉलर असा प्रस्ताव ठेवला. त्या वेळी फ्रँकलिन २६ वर्षांचा होता. म्हणजेच तो ३५ वर्षांचा होईपर्यंत हे वेतन क्लबच्या हिशेबात राहणार होते. तो आधी निवृत्त झाला असता, तरीही त्यातून सुटका नव्हती. एवढी जोखीम घेण्यास हॉथॉर्न तयार झाला नाही. भरपाई म्हणून त्याला ड्राफ्टमधील १९ वी निवड मिळाली.

निकाल काय लागला? फ्रँकलिनने २०२२ मध्ये कारकिर्दीतील एक हजारावा गोल केला, तेव्हा सिडनीच्या मैदानात हजारो प्रेक्षक धावून आले. त्याने करार पूर्ण केला आणि त्यापुढेही एक हंगाम तो खेळला. परंतु २०१४, २०१६ आणि २०२२ असे तीन अंतिम सामने खेळूनही सिडनीकडून त्याला जेतेपद लाभले नाही. यातील पहिला पराभव त्याच्या जुन्या हॉथॉर्नकडूनच झाला. सिडनीतील महागाईमुळे या क्लबला वेतनमर्यादेवर ९.८ टक्क्यांची जादा सवलत होती. फ्रँकलिनच्या करारानंतर त्या सवलतीवर टीकेची झोड उठली आणि लीगने ती टप्प्याटप्प्याने मागे घेतली.

बरोबरी करण्याच्या हक्काचा दुसरा उपयोग घासाघीस करण्यासाठी होतो. २०१५ मध्ये अ‍ॅडलेडने पॅट्रिक डेंजरफील्डसाठी बरोबरीची तयारी दाखवली. परिणामी जिलाँगला अदलाबदल करून त्याला घ्यावे लागले. २०२० मध्ये जेरेमी कॅमेरॉनसाठी जीडब्ल्यूएसने जिलाँगच्या प्रस्तावाशी प्रत्यक्षातच बरोबरी केली. अखेर जिलाँगने पहिल्या फेरीतील तीन निवडी देऊन कॅमेरॉनला मिळवले. त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी त्याला परत मिळाल्या. हे दोघेही २०२२ च्या विजेत्या जिलाँग संघात होते.

भरपाई खरोखर भरपाई करते का?

मुक्त खेळाडू गमावलेल्या क्लबला लीग स्वतःकडून ड्राफ्टची जादा निवड देते. खेळाडूचे वय आणि नव्या कराराचे मूल्य यांवरून तिचा दर्जा ठरतो. सर्वोच्च दर्जाची निवड क्लबच्या स्वतःच्या पहिल्या निवडीच्या लगेच पुढे येते. त्यामुळे तळाच्या क्लबला ती फार मोलाची ठरते, तर विजेत्या क्लबला तिचे मूल्य फारसे नसते. हॉथॉर्नला फ्रँकलिनच्या बदल्यात १९ वी निवड मिळाली. २०१४ मध्ये जेम्स फ्रॉली हॉथॉर्नकडे गेला, तेव्हा मेलबर्नला थेट तिसरी निवड मिळाली. फ्रँकलिनइतके नाव नसलेल्या बचावपटूसाठी ही भरपाई अवाजवी असल्याची टीका झाली.

ही भरपाई कधी फळते, कधी नाही. फ्रॉलीने २०१५ मध्ये हॉथॉर्नकडून जेतेपद मिळवले. मेलबर्नने त्या तिसऱ्या निवडीतून अँगस ब्रेशॉ याला घेतले आणि तो २०२१ च्या विजेत्या संघाचा भाग ठरला. दोन्ही क्लबांचे भले झाले. मेलबर्नला फक्त सहा वर्षे अधिक थांबावे लागले. गोल्ड कोस्टचे नशीब मात्र वेगळे निघाले. २०१८ मध्ये त्याचा कर्णधार टॉम लिंच रिचमंडकडे गेला आणि २०१९ व २०२० अशी दोन जेतेपदे जिंकला. गोल्ड कोस्टला भरपाईत तिसरी निवड मिळाली, तिच्यातून आयझॅक रँकिन आला. पण २०२२ च्या अखेरीस तोही अ‍ॅडलेडला निघून गेला.

या उदाहरणांतून एक समान सूत्र दिसते. वेतनमर्यादेमुळे सर्व क्लबांना देता येणारा पैसा जवळपास सारखा होतो. मग पैशापलीकडचे आकर्षण निर्णायक ठरते, आणि ते म्हणजे जेतेपदाची शक्यता. आठ हंगाम तळाच्या संघात घालवलेला २६-२७ वर्षांचा खेळाडू थोडे कमी पैसे घेऊनही बलाढ्य संघाकडे जाण्यास तयार होतो. जो डॅनिहर २०२० मध्ये एसेंडन सोडून ब्रिस्बेनला गेला, २०२४ मध्ये जेतेपद जिंकला आणि निवृत्त झाला. २०२५ मध्ये तळाला राहिलेल्या वेस्ट कोस्टचा ऑस्कर अ‍ॅलन सलग दोन वेळा विजेत्या ठरलेल्या ब्रिस्बेनकडे गेला. दुर्बलांच्या संरक्षणासाठी बांधलेल्या चौकटीतून प्रवाह मात्र सबलांकडे वाहतो, हा या व्यवस्थेतील अंतर्विरोध आहे.

त्यावर उपाय म्हणून दुर्बल क्लबांनाही मुदतीचे शस्त्र वापरावे लागते. आपल्या उमद्या खेळाडूला मुक्त होण्यापूर्वीच सात-आठ वर्षांच्या करारात बांधण्याकडे कल वाढला आहे. वेस्टर्न बुलडॉग्सच्या आरोन नॉटनने २०२४ मध्ये २०३२ पर्यंतचा करार केला. खेळाडूला सुरक्षितता मिळते. वेतनमर्यादा दरवर्षी वाढत गेली, तर आज महाग वाटणारा करार क्लबला पुढे स्वस्त ठरतो. ज्याच्याशी असा करार होत नाही, त्याला मुक्त होण्याच्या एक वर्ष आधीच अदलाबदलीत देऊन चांगला मोबदला मिळवण्याचा मार्ग काही क्लब अवलंबतात.

नियम मोडण्याची किंमत

चौकटीतून पळवाट शोधणाऱ्यांना लीगने कठोर शासन केले आहे. वेतनमर्यादेचा भंग केल्याबद्दल २००२ मध्ये कार्लटनला ९ लाख ३० हजार डॉलरच्या आसपास दंड झाला आणि पहिल्या क्रमांकाच्या निवडीसह ड्राफ्टमधील महत्त्वाचे हक्क गमवावे लागले. ती पहिली निवड सेंट किल्डाकडे गेली आणि तिच्यातून आला ब्रेंडन गॉडार्ड. दहा वर्षांनी, फ्री एजन्सीच्या पहिल्याच हंगामात, तोच गॉडार्ड एसेंडनकडे जाणारा पहिला मोठा मुक्त खेळाडू ठरला. कर्ट टिपेट या खेळाडूशी छुपा समझोता केल्याबद्दल २०१२ मध्ये अ‍ॅडलेडला तीन लाख डॉलर दंड झाला, निवडी गेल्या; खुद्द टिपेटलाही ११ सामने बाहेर बसावे लागले.

पुढे काय?

२०२३ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात पाच वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचा सामूहिक करार झाला. त्यानुसार पुरुष खेळाडूचे सरासरी वेतन २०२२ मधील ३ लाख ८७ हजार डॉलरवरून २०२७ पर्यंत ५ लाख १९ हजार डॉलरवर जाणे अपेक्षित आहे. २०२८ मध्ये टास्मानियाचा संघ १९ वा क्लब म्हणून दाखल होणार आहे. याआधी गोल्ड कोस्टने पदार्पणापूर्वी गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियरला जिलाँगकडून आपल्याकडे आणले होते. नव्या क्लबालाही अनुभवी खेळाडू लागतील, आणि त्यामुळे येत्या काही वर्षांत करार कोणत्या वर्षी संपवायचा, या निर्णयालाच मोठे महत्त्व येईल.

मूळ प्रश्न मात्र १९७३ पासून तोच आहे. अनेक खेळाडूंची कारकीर्द आठ हंगाम पूर्ण होण्याआधीच दुखापतीने किंवा यादीतून वगळले गेल्याने संपते. अँगस ब्रेशॉला डोक्याला झालेल्या आघातांमुळे २०२४ च्या हंगामापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने निवृत्त व्हावे लागले. अठराव्या वर्षी ज्या शहरात ड्राफ्टने पाठवले, तेथे उमेदीची आठ वर्षे देणे हा स्पर्धेच्या समतोलासाठी खेळाडूने मोजलेला मोबदला आहे. ही मुदत कमी केली, तर तळाच्या क्लबांना आपले खेळाडू टिकवणे आणखी अवघड जाईल. तशीच ठेवली, तर स्वातंत्र्याचा हक्क बहुतांश खेळाडूंसाठी कागदावरच राहील. सामूहिक कराराची मुदत संपून पुढील वाटाघाटी सुरू होतील, तेव्हा रकमेच्या आकड्यांइतकीच या आठ वर्षांच्या आकड्यावरही चर्चा होईल.